भंगारातली गाडी आणि हिशेबाची वही

आमच्या समाजातील कारीगरांचे भंगाराशी नाते फार जुने आहे. कबाड्याच्या वखारीत इतरांना जो गंजक्या लोखंडाचा ढीग दिसतो, त्यात आमच्या मिस्त्रीला शाफ्ट दिसतो, बेअरिंग दिसते, पुली आणि गिअर दिसतात. ही नजर शाळेत शिकवली जात नाही. ती उस्तादाच्या हाताखाली, काळ्या तेलात हात बुडवून मिळते. अल्लाहने दिलेली ही देणगी आहे आणि तिची कदर करणे आपले कर्तव्य आहे.

गेल्या काही वर्षांत गॅरेजवाल्या पोरांना एक नवा नाद लागला आहे. मोटारसायकलचे जुने इंजिन, रिक्षाची चाके, मारुती ८०० चे स्टिअरिंग आणि लोखंडी पाइपांचा सांगाडा एवढ्या सामानावर ही पोरे एक बसकी, उघडी चारचाकी तयार करतात. तिला गो-कार्ट म्हणतात. मूळ गो-कार्ट गुळगुळीत रस्त्यावर पळणारी. आमची पोरे तिच्यात फेरबदल करून ती माळावर, नांगरलेल्या शेतात, नदीच्या वाळूत चालेल अशी करतात. दिवसभर गिऱ्हाइकांचे काम करायचे आणि शटर खाली ओढल्यावर रात्री आपल्या गाडीचे वेल्डिंग करायचे, असा त्यांचा क्रम असतो.

या नादाबद्दल बाजारात दोन मते ऐकू येतात. बुजुर्ग मंडळी म्हणतात, ही वेळेची आणि पैशाची बरबादी आहे, पोरांनी कामधंदा पाहावा. दुसरीकडे तरुण मंडळी मोबाइलवर चित्रफीत काढतात, 'वाह, काय जुगाड आहे' म्हणून पाठ थोपटतात आणि घरी जातात. आमच्या मते दोघांचेही चुकते. बुजुर्गांना हुनर दिसत नाही आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना त्यातला धंदा दिसत नाही. आम्ही कापडाचे व्यापारी. वेल्डिंगचा होल्डर आम्ही कधी हाती धरलेला नाही. पण माल कसा तयार होतो, त्याला किंमत कशी मिळते आणि चांगला माल असूनही धंदा का बुडतो, एवढे या उमरीत आम्हाला समजते. त्या अनुभवावरून चार गोष्टी व्यापारी व कारीगर बांधवांपुढे ठेवत आहोत.

भंगारातून उद्योग निघतात

सर्वप्रथम बुजुर्गांच्या आक्षेपाचा विचार करू. गो-कार्ट हा प्रकारच मुळात उरल्यासुरल्या सामानातून जन्मला. १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात आर्ट इंगल्स नावाच्या कारीगराने पाइपांच्या सांगाड्यावर गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवले आणि पहिली कार्ट चालवली. हा गृहस्थ शर्यतीच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. लोकांनी गाडी पाहिली आणि दोन-तीन वर्षांतच तेथे कार्ट बनवून विकणारे कारखाने उभे राहिले.

दुसरे उदाहरण जपानचे. सोइचिरो होंडा हा लोहाराचा मुलगा. वडील सायकली दुरुस्त करीत. मुलगा पोरवयातच टोकियोच्या एका गॅरेजमध्ये शागीर्द म्हणून राहिला. महायुद्धानंतर १९४६ मध्ये त्याला लष्कराच्या बिनतारी संचांना वीज पुरवणारी छोटी इंजिने मिळाली. ती सुमारे ५०० होती आणि लष्कराला नको होती. त्याने ती सायकलींना जोडून विकली. पण पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ती इंजिने संपली तेव्हा त्याने दुकान बंद केले नाही किंवा आणखी भंगार शोधत तो हिंडला नाही. जुन्या इंजिनांवर काम करताना जे शिकला, त्यावरून १९४७ मध्ये त्याने स्वतःचे इंजिन बनवले.

आता आपल्या घरातले उदाहरण घेऊ. भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमागांचा इतिहास काय सांगतो? गिरण्यांनी मोडीत काढलेले साचे आमच्या वाडवडिलांनी विकत आणले, मिस्त्र्यांनी ते खोलले, झिजलेले भाग बदलले आणि पुन्हा चालवले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर तर यंत्रमागाकडे कामाचा ओघ आणखी वाढला. लाखो लोकांची रोजी या जुन्या लोखंडावर चालली. तेव्हा भंगारातून उद्योग उभा राहत नाही असे निदान आपण तरी म्हणू नये.

मात्र होंडाने जे पुढचे पाऊल टाकले, ते आपल्यापैकी बहुतेकांनी टाकले नाही. आजही मालेगावातले बहुसंख्य साचे साध्या धोट्याचेच आहेत. जुने चालते आहे ना, मग नवे कशाला, या विचारात पिढ्या गेल्या. आमच्या मिस्त्र्यांनी हजारो साचे खोलले आणि जोडले, पण कोणत्या भागाचे माप काय, तो किती महिन्यांत झिजतो, त्यात काय सुधारणा केली, हे कोणी लिहून ठेवले? उस्ताद गेला की त्याचे इल्मही त्याच्याबरोबर कबरस्तानात गेले. गाडी बनवणाऱ्या पोरांच्या बाबतीत हेच पुन्हा घडू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

अंदाजपंचे काम नको

आता गाडीकडे वळू. या पोरांशी बोलून आणि जाणत्या मिस्त्र्यांना विचारून आम्ही जे समजून घेतले, त्याचा सारांश असा की फरशीवरची कार्ट माळावर न्यायची तर नुसती मोठी चाके लावून भागत नाही. एक गोष्ट बदलली की चार गोष्टी बदलाव्या लागतात.

इंजिनाचेच पाहा. मोटारसायकलचे इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड होते. तेच इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवले की वारा अडतो आणि शेतातल्या मंद चालीत ते तापून जाम होते. रिक्षाच्या किंवा स्कूटरच्या इंजिनाला स्वतःचा पंखा असतो, म्हणून ते अशा कामात टिकते. शिवाय रिक्षाला मागे जाण्याचा गिअर असतो, मोटारसायकलला नसतो. चिखलात रुतलेली गाडी मागे घेता येत नसेल तर ती ओढायला माणसे लागतात.

चेनचा हिशेब पाहा. इंजिनाकडच्या चकरीला १४ दाते आणि मागच्या चकरीला ४२ असतील तर तिपटीचा फेर पडतो. मागे ५६ दात्यांची चकरी लावली तर चौपटीचा पडतो. वेग कमी होतो, ओढ वाढते. मोठी चाके लावून चकरी जुनीच ठेवली तर गाडी चढावर दम तोडते आणि क्लचच्या पट्ट्या जळतात. हे गणित कागदावर पाच मिनिटांचे आहे. अंदाजाने करायला गेले तर तीन चकऱ्या आणि दोन क्लचप्लेटा वाया जातात.

मागचा आखा एकच सलग ठेवला तर दोन्ही चाके सारखीच फिरतात. वाळूत आणि चिखलात त्याचा फायदा होतो, पण कडक जमिनीवर वळताना एक चाक घासत जाते आणि स्टिअरिंग जड होते. गाडी कोठे चालणार हे आधी ठरवावे आणि मग आखा निवडावा.

सांगाड्याच्या बाबतीत तर हयगय नकोच. नळाचा जस्ताचा पाइप स्वस्त मिळतो म्हणून तो वापरणारे आम्ही पाहिले. त्यावर वेल्डिंग केले की जस्ताचा धूर निघतो. तो छातीत जाऊन माणूस रात्री तापाने फणफणतो आणि जोडही भरवशाचा होत नाही. चालकाच्या डोक्यावरून जाणारी कमान, चार बिंदूंचा पट्टा, हाताच्या अंतरावर इंजिन बंद करण्याचे बटण आणि चारही चाके जाम करणारे ब्रेक, एवढे असल्याशिवाय गाडी सुरूच करू नये.

आणि चेनवर झाकण! येथे मात्र आम्ही कापडवाले अधिकाराने बोलू शकतो. फिरता पट्टा आणि सैल कपडा यांची गाठ पडली की काय होते, हे कारखान्यात आयुष्य काढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लुंगीचा सोगा किंवा सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली की माणूस ओढला जातो. कार्टमध्येही हाच धोका आहे. २०२० साली हैदराबादजवळच्या एका कार्टिंगच्या ठिकाणी केस चाकात गुंतून एका तरुणीचा जीव गेला. ओढणी, रुमाल, मोकळे केस घेऊन कोणालाही अशा गाडीत बसवू नये. झाकणाचा पत्रा दोन-तीनशे रुपयांचा असतो. माणसाच्या जिवाला किंमत नाही.

पावती हीच ढाल

आता बाजारातला सर्वांत नाजूक विषय. गाडीत घातलेले इंजिन आले कोठून? कबाडी ओळखीचा आहे, त्याने रोख घेतले, पोराने रोख दिले, पावती कोणी मागितली नाही. उद्या ते इंजिन चोरीच्या मोटारसायकलचे निघाले तर पोलीस कबाड्याच्या आधी गॅरेजच्या दारात उभे राहणार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसारही चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. 'मला माहीत नव्हते' हे सांगायला कागद लागतो. आमच्या पोरांवर संशय लवकर घेतला जातो आणि उशिरा दूर होतो, हे कटू सत्य सर्वांना ठाऊक आहे. त्यावर रडत बसण्यापेक्षा पावती खिशात ठेवावी.

म्हणून इंजिन घेताना विकणाऱ्याचे नाव, तारीख, रक्कम आणि इंजिन क्रमांक लिहिलेली सही-शिक्क्याची पावती घ्यावी. क्रमांक घासलेले इंजिन कितीही स्वस्त मिळो, त्याला हात लावू नये. गाडी कायमची निकामी झाली की नोंदणी रद्द होण्यासाठी मालकाने १४ दिवसांत कळवावे, असे मोटार वाहन कायदा सांगतो. तो कागद मिळाला तर अधिक उत्तम. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन-भंगार केंद्रेही उभी राहिली आहेत. तेथून घेतलेल्या भागाचे बिल मिळते. चार पैसे जास्त जातील, पण झोप शांत लागेल. हलाल रोजी म्हणजे नुसती मेहनतीची रोजी नव्हे. माल कोठून आला हेही त्यात आले.

विकणाऱ्यांनाही एक शब्द सांगतो. भेग पडलेल्या इंजिनावर रंग फासून ते चांगले म्हणून विकणे ही तिजारत नव्हे. धान्याच्या ढिगाऱ्यात ओला भाग खाली दडवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी भर बाजारात हटकले होते, हा प्रसंग आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकतो. तो कबाडी बाजारालाही लागू आहे.

दुसरी गोष्ट रस्त्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या वाहनात कारखान्याच्या मूळ रचनेपेक्षा मनाला येईल तसा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हेच स्पष्ट केले. घरी बनवलेल्या गाडीला तर नोंदणीच नसते, मग ती रस्त्यावर आणायचा प्रश्नच येत नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या श्री. दत्तात्रय लोहार यांची गोष्ट वाचकांना आठवत असेल. त्यांनी दुचाकीचे इंजिन आणि जुने सुटे भाग वापरून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. खर्च सुमारे ६०,००० रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी जाहीर कौतुक केले, गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. कौतुक झाले, बक्षीसही मिळाले, चांगली गोष्ट आहे. पण सगळ्यांनाच बोलेरो मिळत नाही. बाकीच्यांना दंडाची पावती मिळते, नाहीतर गाडी जप्त होते आणि अपघात झाला तर विम्याचा एक पैसा हाती लागत नाही.

मग ही गाडी चालवायची कोठे? याचे उत्तर त्याच कायद्यात आहे. केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनवलेल्या गाडीला हा कायदा 'मोटार वाहन' मानत नाही. आमच्या मते धंद्याचा दरवाजा येथेच उघडतो.

मजुरी कोण मोजणार?

दरवाजा उघडला तरी आत जाण्यापूर्वी हिशेब शिकावा लागेल. एक उदाहरण घेऊ. समजा, एका पोराने गाडीसाठी ४०,००० रुपयांचे जुने सामान घेतले. वेल्डिंगच्या कांड्या, कटिंगची चाके, वीज, रंग, लेथवरचे काम यांचे ६,००० झाले. दोघे जण २५ दिवस राबले. गाडी ६०,००० ला विकली गेली. पोरगा खूश होऊन सांगतो, २०,००० सुटले. आम्ही वही काढतो. रोज ६०० रुपये धरले तर दोघांची २५ दिवसांची मजुरी ३०,००० झाली. एकूण खर्च ७६,०००. म्हणजे १६,००० चा तोटा झाला आणि तो स्वतःच्या घामातून भरला. अशा तीन गाड्या विकल्या की गॅरेज बंद पडते आणि लोक म्हणतात, पोराला धंदा जमला नाही.

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी 'बाहा' नावाची स्पर्धा भारतात २००७ पासून भरते. तिचा आरंभ इंदूरजवळच्या पीथमपूर येथे झाला. विद्यार्थी एका माणसाची, खडकाळ जमिनीवर चालणारी गाडी स्वतः बनवतात. त्यांची शर्यत लगेच होत नाही. आधी तज्ज्ञ सांगाडा तपासतात, ब्रेक दाबल्यावर चारही चाके जाम होतात का ते पाहतात, रचनेचे नकाशे मागतात आणि खर्चाचा तपशीलवार अहवाल घेतात. गाडी विकायची असेल तर कशी विकाल, हेही त्यांना सांगावे लागते. म्हणजे वेल्डिंगच्या बरोबरीने वहीचीही परीक्षा होते. आमच्या पोरांच्या हाताला त्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त सवय आहे, हे आम्ही खात्रीने सांगतो. त्यांच्यापाशी नकाशा आणि खर्चाचा कागद मात्र नसतो. नेमक्या याच कारणाने एक जण नोकरीच्या मुलाखतीला जातो आणि दुसरा आयुष्यभर मजुरीवर राहतो.

व्यापाऱ्यांनी काय करावे

वहीचे काम कारीगराला शिकवायचे कोणी? अर्थात आपण व्यापाऱ्यांनी. आमच्या सूचना थोडक्यात अशा आहेत.

एक, ऑर्डर द्या. सायझिंग, प्रोसेस हाउस, गोदाम येथे कापडाच्या गाठी आणि जड बीम आजही माणसाच्या पाठीवर किंवा हातगाडीवर हलतात. कारखान्याच्या आवारात चालणारी, मंद गतीची, बळकट सामानगाडी हीच पोरे बनवू शकतील; ज्याला शेतातली कार्ट जमली त्याला ही अवघड नाही. हमालांच्या पोटावर पाय येईल अशी शंका कोणी काढील. तर गाडी चालवायला हमालांतल्याच माणसाला शिकवावे. त्याची कंबरही वाचेल आणि रोजीही टिकेल. कांद्याच्या चाळी, रोपवाटिका, द्राक्षबागा यांनाही आपल्या आवारासाठी अशी गाडी हवीच असते.

दोन, ऑर्डर लेखी द्या. माप, वजन, मुदत, रक्कम आणि बयाणा कागदावर यावा. तोंडी व्यवहारातून दोस्तीही जाते आणि पैसाही जातो.

तीन, व्याजाच्या कर्जात पोरांना लोटण्याऐवजी मुदारबतीचा मार्ग धरा. भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची, नफा आधी ठरलेल्या हिश्श्याने. तोटा आला आणि त्यात कारीगराची हयगय किंवा खियानत नसेल तर भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याने सोसायचा. कारीगराची मेहनत वाया गेली, हा त्याचा तोटा. हा व्यवहार शरीयतने दाखवलेला आहे आणि तो हिशेबाच्या वहीशिवाय चालूच शकत नाही. म्हणजे सवय आपोआप लागते.

चार, दहावी झालेल्या पोराला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक किंवा वेल्डरच्या अभ्यासक्रमाला पाठवा. ज्याची शाळा सुटली आहे, त्याच्या हातातल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सरकारी योजना आहे. तिची चौकशी करा. फॉर्म मराठीत किंवा इंग्रजीत असतो आणि उर्दू शाळेतले आमचे पोर तेथेच थबकते. पेढीवरच्या मुनीमजींना सांगून तो भरून द्यायला आपला अर्धा तास जातो.

कारीगर बांधवांना आमचे एवढेच सांगणे की गॅरेजच्या भिंतीवर एक वही टांगा. कोणता भाग कोणाकडून, कितीला घेतला, इंजिन क्रमांक काय, किती दिवस काम केले, काय मोडले आणि ते कसे बदलले, हे रोज रात्री लिहा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा. एका वर्षानंतर ती वहीच तुमचे भांडवल होईल.

हजरत दाऊद (अ.स.) बादशहा होते, तरी स्वतःच्या हाताने लोखंडाची चिलखते बनवून त्यावर गुजराण करीत, असे आपण मानतो. लोखंडाच्या कामाला आमच्या दीनमध्ये एवढा मान आहे. अल्लाहने त्यांना चिलखताच्या कड्या मापात जोडण्याचाही हुकूम दिला होता, हे मात्र आपण विसरतो. आमच्या पोरांच्या हातात लोखंड आहे. माप, पावती आणि वही त्यांच्या हाती देणे आपले काम आहे. अल्लाह त्यांच्या हुनरमध्ये आणि आपल्या तिजारतीत बरकत देवो. आमीन.